आण्णांचा डी-ब्लॉक

एमआरआय काढण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. पेसमेकर आहे का, हाडात प्लेट-स्क्रू आहेत का, असे टिपिकल प्रश्न. त्यातच एक जरा विचित्र प्रश्न असतो : डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? मी ‘नाही’वर टिक केली. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, ‘स्टील ट्रेडिंग’. सही ठोकली आणि मोबाइलवर ऑफिसचे मेल बघत बसले.

टेक्निशियन मुलगा माझ्यापेक्षा लहानच असेल, पण पठ्ठ्या कामाला पक्का. त्यानं अख्खा फॉर्म आण्णांना पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवला. ‘स्टील ट्रेडिंग’ ऐकल्यावर आण्णांनी माझ्याकडे बघितलं.

“ट्रेडिंग कोण करायलंय?” ते म्हणाले. “भंगाराचं दुकान हाय साहेब माझं. तीस वर्षं झाली, ग्राइंडर मारायलोय.”

“डोळ्यात कण गेला होता कधी?”

“कधी म्हंजे? धा-बारा टायमाला तरी गेला आसंल. डॉक्टर सुईनं काढायचे.”

मुलानं पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे सांगितलं, की आतलं मशीन दीड टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. लोखंडाचा एखादा बारीक कण डोळ्यात मागे राहिला असेल, तर तो आत गेल्यावर हलतो. हलला की डोळा जाऊ शकतो. “आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू,” तो म्हणाला.

एक्स-रे क्लीअर आला. म्हणून हे सगळं मी आज इतक्या आरामात सांगतेय. पण त्या बाकड्यावर बसून काढलेली पाऊण तासाची वाट मला आयुष्यभर पुरेल.

आता ‘स्टील ट्रेडिंग’चा फंडा. मी मूळची जालन्याची. पुण्यात आयटीत नोकरी करते. जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, मोसंबी आठवते आणि सळई आठवते. एमआयडीसीत रोलिंग मिल्स आणि इंडक्शन भट्ट्या एकाला लागून एक. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण, पण आमच्या काळात पाळण्यात लोखंडच जास्त झुललं. त्यामुळे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, “वडील काय करतात?” मी म्हटलं, “स्टीलमध्ये आहेत.” समोरची म्हणाली, “जालना! स्टील! ओह, मग तुमची मिल असणार.” मी नुसती हसले. त्या हसण्यावर पंधरा वर्षं काढली. खोटं असं काही बोलले नाही, हे माझं समाधान.

खरं म्हणजे आण्णांचं दुकान म्हणजे मंठा रोडला पत्र्याचं कंपाउंड, एक काटा, दोन माणसं आणि ढीग. चारचाकी गाडीवर फिरणारे फेरीवाले माल आणून टाकतात. आण्णा तो निवडतात. निवडलेला माल ट्रकनं भट्टीवर जातो. बस. पण त्या ‘निवडतात’ या शब्दात काय काय आहे, हे कळायला मला त्यांचा कॅन्सर यावा लागला. गालाच्या आतून. तंबाखू-चुना, चाळीस वर्षं, डाव्या बाजूला. ते प्रकरण मी इथं उगाळत नाही. मी ओरडून झालंय, आईचं रडून झालंय.

गेल्या वर्षीचं हे. जालन्याहून संभाजीनगर तासाभराचं. आधी ऑपरेशन, मग रेडिएशनच्या ३० बैठका, सोमवार ते शुक्रवार, आणि दर आठवड्याला एक केमो. मी वर्क फ्रॉम होम घेतलं आणि सहा आठवडे हॉस्पिटलच्या डे-केअर वॉर्डात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. केमोचं सलाइन फार हळू चालतं. बोलायला माणूस एकच. आणि गाल शिवलेला असल्यामुळे तो माणूस कधी नव्हे इतका मोजकं बोलत होता.

पहिल्या दिवशी मी औषधाचं नाव वाचलं. सिस्प्लाटिन. आणि एकदम बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर डोळ्यांसमोर आला. २००८ साल, मार्च महिना. ‘डी अँड एफ ब्लॉक एलिमेंट्स’ हा चॅप्टर. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे डोक्यात ‘संक्रामक मूलद्रव्ये’ आणि ‘आंतरसंक्रामक मूलद्रव्ये’. (संक्रामक म्हटलं की आता आपण मास्क शोधतो, पण त्यांची लागण होत नाही. सारणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मधे लागणारी, म्हणून ते नाव.) क्लासचे सर फळ्यावर लिहायचे आणि आम्ही पाठ करायचो : व्हेरिएबल ऑक्सिडेशन स्टेट्स, रंगीत संयुगं, चुंबकत्व, मिश्रधातू, कॅटॅलिस्ट, कॉम्प्लेक्स. क्रोमियम आणि कॉपर अपवाद, स्टार करा, पेपरला येतं. आलं. मी चुकवलं. केमिस्ट्रीत जेमतेम सुटले आणि इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर घेतला.

“हे काय सोडायलेत?” आण्णांनी बाटलीकडे बोट केलं.

“प्लॅटिनम.”

“धातू? शिरंतून?”

“त्याचं संयुग. मधे प्लॅटिनमचा एक अणू, बाजूला दोन अमोनिया, दोन क्लोरीन.”

आण्णा थोडा वेळ गप्प. मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो फक्त तेच विचारू शकतात. “किती ग्रॅम?”

मी मोबाइलवर हिशोब केला. एका डोसला साठेक मिलिग्रॅम औषध, त्यात वजनानं दोन तृतीयांशाच्या थोडं खाली प्लॅटिनम. सहा आठवड्यांचे सहा डोस धरले तर सगळं मिळून पाव ग्रॅमच्या आसपास.

“पाव ग्रॅम?” त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “एवढ्यानं काटा बी हालत न्हाई.”

हे औषध सापडलं कसं, ती स्टोरी मी त्यांना त्याच दुपारी सांगितली. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ जिवाणूंना विजेच्या क्षेत्रात ठेवून बघत होता. विजेची टोकं म्हणून प्लॅटिनम वापरलं, कारण प्लॅटिनम कशाशीच भांडत नाही असा सगळ्यांचा समज. करंट सोडला तर जिवाणूंची विभागणी थांबली. ते मेले नाहीत, नुसते लांब होत गेले, नेहमीच्या ३०० पटीपर्यंत. शोधता शोधता कळलं की हा विजेचा नव्हे, टोकांतून विरघळलेल्या थोड्याशा प्लॅटिनमचा प्रताप. १९६५ साली त्यानं हे छापलं. जे पेशींचं विभाजन थांबवतं ते कॅन्सरलाही थांबवेल, असा तर्क लढवला आणि १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. गंमत म्हणजे हे संयुग १८४० च्या दशकातच इटलीतल्या मिकेले पेयरोने यानं बनवून ठेवलं होतं. शंभरावर वर्षं ते पुस्तकात पडून होतं. त्याच अणूंचं दुसरं रूपही असतं, फक्त क्लोरीन समोरासमोरच्या कोपऱ्यांत. त्याचा कॅन्सरवर उपयोग नाही. शेजारी-शेजारी असले तरच काम होतं.

“म्हंजे माल तोच, निवड येगळी,” आण्णा म्हणाले.

सर असते तर या उत्तराला फुल मार्क दिले असते.

नर्स येऊन सलाइनचा सेट बदलून गेली. जाताना सहज म्हणाली, की या औषधाला आल्युमिनियमची सुई चालत नाही, काळा गाळ धरतो. आण्णा एकदम ताठ बसले. आतापर्यंत त्यांना हॉस्पिटल म्हणजे परका मुलूख होता. आता त्यांना कळलं की इथंही कुठला धातू कुठल्या ढिगात जाऊ नये याचे नियम आहेत.

आणि मग आमचा रोजचा टाइमपास सुरू झाला. मोबाइलवर पिरिऑडिक टेबल उघडायचं आणि एकेका घरावर बोट ठेवायचं. यातलं काय काय दुकानात आलंय, ते आण्णांनी सांगायचं.

पहिलंच घर स्कँडियम. “न्हाई.” टायटॅनियम? “घड्याळ?” “नाही, ते टायटन.” तेही नाही. व्हॅनेडियम म्हटल्यावर मात्र डोळे चमकले. “पान्ह्यावर छापलेलं आसतंय. क्रोम-व्हॅनेडियम. त्यो पाना कधी वाकत न्हाई.” मला हे माहीत नव्हतं. मी बारावीला व्हॅनेडियमच्या चारही ऑक्सिडेशन स्टेट्स आणि त्यांचे रंग पाठ केले होते. तो पान्यात असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

मँगनीजला तर आम्ही एक अख्खी दुपार दिली. आण्णांची पहिली कसोटी चुंबक. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बाजूला, सोपं. पण खडी क्रशरचे जबडे येतात. दिसायला लोखंड, वजन लोखंडाचं, गंज लोखंडाचा, आणि चुंबक चिकटतच नाही. नवा माणूस इथं हमखास फसतो. “त्ये मँगनीज,” आण्णा म्हणाले, “ग्राइंडर लाव, ठिणगी पांढरीफेक उडती. भाव येगळा.” मी रात्री वाचलं. रॉबर्ट हॅडफिल्ड नावाच्या इंग्रज माणसानं १८८२ मध्ये पोलादात १२-१३ टक्के मँगनीज घातलं आणि असं पोलाद निघालं, की जितकं ठोकाल तितकं कडक. मँगनीज लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलून टाकतं आणि त्या रचनेत लोखंडाचं चुंबकत्व राहत नाही. स्टेनलेसच्या ताटाला चुंबक चिकटत नाही तेव्हा हेच काम निकेलनं केलेलं असतं. हाच मँगनीज ऑक्सिजनच्या संगतीत गेला, की गावाकडे विहिरीत टाकायची जांभळी पूड होते, पोटॅशियम परमँगनेट. एकच गडी, दर ठिकाणी वेगळ्या अवतारात. कारण या लोकांचे बाहेरच्या कक्षेतले आणि त्याच्या आतल्या डी-कक्षेतले इलेक्ट्रॉन ऊर्जेनं इतके जवळजवळ असतात, की प्रसंग बघून दोन द्यायचे की चार की सात, हे त्यांना ठरवता येतं. मँगनीज दोनपासून सातपर्यंत जातो. आमच्या एचआरच्या भाषेत, फ्लेक्सिबल रिसोर्स.

आणि तांबं. तुम्हाला वाटेल भंगारवाल्याला तांबं म्हणजे लॉटरी. ते तर आहेच, पण त्याची दुसरी बाजू मी पहिल्यांदा ऐकली. मोटारीची वायंडिंग लोखंडासोबत चुकून भट्टीत गेली तर ते तांबं पुन्हा निघत नाही. भट्टीत लोखंड १६०० डिग्रीच्या आसपास वितळलेलं असतं. नको असलेल्या बऱ्याच गोष्टी मळी होऊन वर येतात, तांबं मात्र लोखंडात मिसळून बसतं. मग तापलेली सळई रोलिंगला गेली, की कातडीला चिरा पडतात. “एका घाणेरड्या घाणीमुळं अख्खा हीट जातो,” आण्णा म्हणाले. “मिलवाला मंग नाव आमचं घेतो.” म्हणजे तुमच्या-माझ्या बिल्डिंगच्या कॉलममधली सळई सरळ निघावी म्हणून कुणीतरी मंठा रोडवर उन्हात बसून पंख्याच्या मोटारी फोडत असतो. तो माझा बाप. मी त्याला ‘ट्रेडिंग’ म्हणत होते.

जस्ताच्या घरावर बोट ठेवल्यावर ते गप्प झाले. पुस्तकात जस्ताचं स्टेटस जरा अवघडच असतं : फ्लॅट डी-ब्लॉकमध्ये, पण सोसायटीचं मेंबर नाही, कारण त्याची डी-कक्षा कायम फुल. पण आण्णांची गोष्ट वेगळी होती. “पांढरा धूर,” ते म्हणाले. मला आठवलं. लहानपणी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आण्णा रात्री थंडी वाजून कुडकुडायचे. आई दोन गोधड्या घालायची, मलेरिया म्हणायची. सकाळी हा माणूस उठून चहा पिऊन दुकानावर. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. ज्या दिवशी गॅस कटरनं गॅल्व्हनाइज्ड पाइप कापायचा त्याच रात्री ते व्हायचं, हे आमच्यात फक्त आण्णांना माहीत होतं. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, कटरची ज्योत त्याच्या कितीतरी वर. वाफ हवेत जाऊन पांढरा धूर होते, तो छातीत गेला की काही तासांनी ताप भरतो, एक-दोन दिवसांत उतरतो. याला मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात. मी हे तिशी उलटल्यावर वाचलं, आणि बारावीला ‘झिंक हॅज लो बॉइलिंग पॉइंट’ या ओळीखाली पिवळं हायलायटर मारलं होतं, तेही आठवलं.

एफ-ब्लॉक आण्णांना आधी पटेना. टेबलाच्या खाली जाहिरातीच्या पट्टीसारख्या दोन ओळी, त्यातलं एकही नाव ऐकलेलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, कटर पेटवायचा तुमचा लायटर आठवा. त्यातला घासायचा खडा म्हणजे सिरियम, लँथेनम आणि त्यांच्या भावंडांचं लोखंडाबरोबरचं मिश्रण. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १९०३ मध्ये काढलेलं. लग्नातला गॅसबत्तीचा पांढरा मँटलही त्याचाच, थोरियम ऑक्साइडमध्ये एक टक्का सिरियम. आणि त्याआधी १८८५ मध्ये त्यानंच एका ‘मूलद्रव्या’चे दोन तुकडे करून दाखवले होते, निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम. ही सगळी भावंडं इतकी सारखी, की वेगळी करता करता केमिस्ट लोक म्हातारे झाले. डी-ब्लॉकवाल्यांचे इलेक्ट्रॉन दाराशी उभे असतात, यांचे आतल्या खोलीत. बाहेरून सगळ्यांची घरं सारखीच दिसणार.

“निओडिमियम तर तुमच्या खिशात आहे,” मी म्हटलं. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली होती. ती मी आण्णांना दिली. त्यांनी ती फोडून आतलं चपटं चुंबक काढलं, बोटाएवढं, पण एकदा चिकटलं की नखं तुटतील. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन. तेव्हापासून तीच त्यांची कसोटी. मी त्यांना दिलेल्या सगळ्या गिफ्टांत (स्मार्टवॉच धरून) वापरात असलेलं हे एकच. हॉस्पिटलात येताना मात्र आईनं ते काढून घेतलं होतं. एमआरआयच्या खोलीत ते गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

एमआरआयच्या वेळी शिरेतून जे टोचलं तेही याच पट्टीतलं, गॅडोलिनियम. त्याच्या एफ-कक्षेत सात इलेक्ट्रॉन, सातही एकटे-एकटे, त्यामुळे चुंबकाला एकदम सेन्सिटिव्ह. मोकळं असेल तर विषारी, म्हणून ते एका सेंद्रिय रेणूच्या पिंजऱ्यात बंद करून देतात, आणि आधी किडनीची तपासणी करतात, म्हणजे ते पिंजऱ्यासकट बाहेर पडेल याची खात्री. हे ऐकल्यावर आण्णा म्हणाले, “मामाच्या बागेवानी.” माझे मामा अंबडकडे मोसंबी लावतात. चुनखडीच्या जमिनीत लोखंड भरपूर, पण झाडाला ते घेता येत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. मग मामा ‘चिलेटेड’ लोखंडाचा पुडा आणतात. तोही पिंजराच. मी आयआयटीवाल्याचे व्हिडिओ बघून जे समजून घेतलं, ते आण्णांनी मोसंबीच्या पानावरून घेतलं. पुढच्या आठवड्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. “लोखंड कमी हाय म्हणायलेत,” त्यांनी आईला फोनवर सांगितलं आणि स्वतःच हसले. टाके दुखले.

रेडिएशनला मात्र ते घाबरले. एवढ्या सगळ्यात तेवढ्याच एका गोष्टीला. “कोबाल्ट हाय का?” त्यांनी तीनदा विचारलं. जुन्या लोकांत अजूनही रेडिएशनला ‘कोबाल्ट देणं’ म्हणतात, पण आण्णांची भीती तिथली नव्हती. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाचं एक जुनं यंत्र लिलावात आलं होतं. फोडल्यावर आतून कोबाल्ट-६० निघालं. कामगार भाजले, एकाचा जीव गेला. ती बातमी देशभरातल्या भंगारवाल्यांत वणव्यासारखी फिरली. मी तेव्हा सेकंड इयरला होते. आण्णांनी फोन करून, आयुष्यात पहिल्यांदा, मला माझ्या शिक्षणाचं काहीतरी विचारलं होतं : त्या किरणांचं चिन्ह कसं असतं? मी पिवळ्या-काळ्या तीन पाकळ्यांची प्रिंट काढून पोस्टानं पाठवली. ती अजून दुकानाच्या पत्र्यावर आहे, पिवळा रंग उडालाय. टेक्निशियननं समजावलं, की हे विजेवर चालणारं मशीन आहे, बंद केलं की किरण बंद. आत इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात. “टंगस्टन चालंल,” आण्णा म्हणाले आणि आडवे झाले.

खरा प्रश्न दुसऱ्या डोसच्या आधी आला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की सिस्प्लाटिन किडनीला जड आहे आणि कानालाही. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी ते मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणून सुरुवातीलाच ऑडिओग्राम काढला होता. ग्राइंडर आणि घणाच्या आवाजानं तो आधीच खड्ड्यात गेलेला होता. पहिल्या डोसनंतर आण्णांच्या कानात शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध बदलता येईल, पण या जागेच्या कॅन्सरला रेडिएशनबरोबर सगळ्यात जास्त पुरावा याचाच आहे. तुम्ही घरी बोला.

घरी काय बोलणार? इतरांना कान म्हणजे टीव्ही आणि फोन. आण्णांचा कान म्हणजे त्यांची तिसरी कसोटी. चुंबक, ठिणगी आणि आवाज. बीड आणि पोलाद दोघांनाही चुंबक चिकटतं. हातोडी मारली की पोलाद ठण्ण करतं आणि ते ठण्ण रेंगाळतं. बीड बद्द वाजतं. मी लहान असताना ते मला पाठमोरी उभी करायचे आणि वाजवून विचारायचे. मी दहातले नऊ ओळखायची. मग मी मोठी झाले आणि दुकानावर जायचं बंद केलं.

मी रात्रभर पेपर वाचले, एक्सेल शीट बनवलं, दोन्ही औषधांचे प्लस-मायनस. आमच्या फील्डमधल्या माणसाला दुसरं येतं काय? सकाळी त्यांना दाखवलं. त्यांनी शीट बघितलंही नाही.

“ठिणगी दिसंल ना?” त्यांनी विचारलं.

“दिसेल. डोळ्यांना काही नाही.”

“मंग सोड म्हनावं.”

सहा डोस पुरे झाले नाहीत, पाच झाले. सहाव्याला क्रिएटिनिन वाढलं, डॉक्टरांनी थांबवलं. आण्णांना वाईट वाटलं, ठरलेल्या मालात कट्टी झाली म्हणून. ३० बैठका पूर्ण झाल्या. जानेवारीच्या स्कॅनमध्ये काही नव्हतं. पुढचा स्कॅन या महिन्यात आहे, तोपर्यंत मी त्यावर काही बोलत नाही.

दिवाळीला गेले तेव्हा ते पुन्हा दुकानावर बसायला लागले होते, अर्धा दिवस. नव्या ऑडिओग्रामवर वरच्या पट्टीची रेघ तळाला टेकलीय. माझा आवाज येतो, आईचा येत नाही. (आई म्हणते, तो तीस वर्षांपासूनच येत नव्हता.) गल्ल्यावर गॉगल घालून आण्णा, समोर क्रशरवरून आलेला ढीग. ऑफिसमध्ये मी आता काय सांगते हे तुम्ही विचाराल, तर भंगाराचं दुकान आहे असं सांगते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कलीगनं विचारलं, त्याच्याकडे एक जुना फ्रिज आहे, घेतील का?

आण्णांनी एक काळपट तुकडा उचलला, हातोडी मारली आणि माझ्याकडे बघितलं.

“काय वाजलं?”

मी डोळे मिटले. त्यांनी पुन्हा मारली.

“ठण्ण,” मी म्हटलं. “पोलाद. शंभर टक्के.”

त्यांनी खिशातून ते हार्डडिस्कचं चुंबक काढून तुकड्यावर ठेवलं. ते घसरून खाली पडलं. मग ग्राइंडर लावला. पांढऱ्याफेक ठिणग्यांचा झोत निघाला आणि टोकाशी फुटला.

“मँगनीज,” ते म्हणाले. “नुसतं पोलाद म्हनून टाकलं आसतं तर भावात मेली आसतीस. उचल, त्या ढिगात टाक. अन् हात धू, चहा आलाय.”